नाना आणि दाराजवळचं स्टूल

"आई, नाना टॉवेल कोणत्या खांद्यावर ठेवायचे?"

मुक्ताने हे विचारलं तेव्हा मी वांगी चिरत होते. "डाव्या," मी म्हटलं, आणि मग सुरी थांबली. नानांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आता टॉवेलची चौकशी कशाला?

नाना म्हणजे माझे सासरे, मुक्ताचे आजोबा. मुक्ता बेंगळुरूला कॉम्प्युटरवरचे खेळ बनवण्याच्या नोकरीत आहे. या वेळी महिनाभर घरून काम करायचं म्हणून जबलपुरला, घमापुरच्या आमच्या घरी आली होती. नोकरीतल्या खेळांमध्ये मारामारी असते. पण हा टॉवेलवाला खेळ तिचा स्वतःचा होता, छोटासा, नानांच्या आठवणीसाठी. खेळणारी मुलगी आमच्या घरात येते, दोन खोल्यांत फिरते, वस्तूंना हात लावते, नानांशी बोलते आणि शेवटी बॅग घेऊन निघते. एवढंच.

"मग यात जिंकायचं काय?" मी विचारलं.

"जिंकायचं नाही गं. घराबाहेर पडायचं."

"नाना असताना? मग खेळ अवघड आहे," मी म्हटलं.

ती हसली आणि तिने मला एक वही दिली. वहीत प्रत्येक पानावर तिने वर एक ओळ लिहिली होती. 'खेळणारी पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेली, तर.' 'खेळणारीने जेवायला नाही म्हटलं, तर.' 'खेळणारी खोटं बोलली, तर.' खाली जागा मोकळी होती. तिथे नाना काय म्हणतील ते मी लिहायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली. किराण्याच्या यादीपलीकडे कधी काही लिहिलं नव्हतं. पण तोंडाने सांगण्यापेक्षा लिहिणं मला बरं वाटलं. लिहिताना समोर कोणी बघत बसत नाही.

पंख्याच्या पानावर मी लिहिलं, "भिंतीला घाम येऊन राहिला का?" जेवणाच्या पानावर लिहिलं, "नको म्हणणाऱ्याला अर्धी वाढा, तो दीड खाईल." खोटं बोलण्याच्या पानावर बराच विचार केला आणि लिहिलं, "नाना काही म्हणणार नाहीत. चष्मा काढून धोतराने पुसतील."

मुक्ता ते वाचून म्हणाली, "आई, धोतर नाही, पायजमा."

"धोतरच. तू झाल्यावर पायजमा आला."

नाना संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासनीस होते. तोफेचे सुटे भाग बनून त्यांच्या टेबलावर यायचे. नाना मापायचे. मापात असला तर "पास". नसला तर लाल रंगाचा ठिपका, आणि तो भाग बाजूला. त्यांच्या हातून चुकीचा भाग पुढे गेला असं सगळ्या नोकरीत एकदाही झालं नाही. हे ते स्वतः सांगायचे नाहीत, पण कोणी दुसरा सांगत असला तर मधे बोलायचे नाहीत, आणि त्याला आणखी एक लाडू द्यायचे.

रिटायर झाल्यावर फॅक्टरी सुटली, तपासणी सुटली नाही. आमच्या दाराजवळ एक लाकडी स्टूल होतं. घरातून गावाला जाणाऱ्या प्रत्येकाने त्यावर एक मिनिट बसायचं. नाना समोर उभे राहायचे आणि डोक्यापासून खाली यायचे.

"चष्मा?"

"आहे."

"रुमाल?"

"आहे."

"दाखव."

दाखवावा लागायचा. मग चावी, तिकीट, पाणी, औषध. सगळं झालं की खांद्यावर दोन बोटं टकटक मारून म्हणायचे, "पास." मग उठायचं. घरच्यांनाच नाही, पाहुण्यांनाही. एकदा वीजवाला मीटर वाचून निघाला तर त्यालाही बसवलं. तो म्हणाला, "बाबूजी, मैं तो सामने वाले घर जा रहा हूँ."

"तो भी," नाना म्हणाले. "पेन कुठाय?"

त्याचं पेन खरंच आमच्या मीटरवर राहिलं होतं. त्या दिवसापासून नानांना कोणी थांबवू शकलं नाही.

कोणी कुरकुर केली की ते म्हणायचे, "आमचा माल सरहद्दीवर जायचा. तिथे गेल्यावर कोणी म्हणू शकतं का, अरे थांबा, एक नट जबलपुरात राहिला?" तोवर इकडे गाड्या सुटायच्या. मुक्ताच्या बाबांची नागपूरची गाडी तर इतक्या वेळा सुटली की ते एक गाडी आधीची वेळ सांगायला लागले. नानांना ते कळलं. मग ते तपासणी दोनदा घ्यायला लागले.

माझ्या लग्नाला इकडची मंडळी कशी निघाली ते मी बसमध्ये नव्हते म्हणून ऐकूनच माहीत आहे. माझं माहेर पांढुर्ण्याजवळच्या खेड्यात. वऱ्हाडाची बस पहाटे निघायची होती. नानांनी ते स्टूल बसच्या दाराशी नेऊन ठेवलं. चाळीस माणसं एकेक करून बसली, उठली, चढली. एका आत्याकडे रुमाल नव्हता, ती सराफ्यातल्या आपल्या घरी जाऊन घेऊन आली. बस निघाली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मुहूर्त गेला. आमच्या भटजींनी पंचांग उलटंपालटं करून दुसरा काढला. तरी नाना मांडवात ताठ मानेने आले, कारण चाळीस माणसांत एकाचीही वस्तू राहिली नव्हती.

मग भटजी म्हणाले, "मंगळसूत्र आणा."

मंगळसूत्र नानांकडे होतं. म्हणजे घमापुरला, नानांच्या कपाटात, कुलपात होतं. किल्ली मात्र त्यांनी आणली होती.

माझ्या मामीने आपल्या गळ्यातलं काढून दिलं आणि पुढे आठवडाभर काळा दोरा घालून गावभर फिरली, प्रत्येकाला कारण सांगत. सासूबाई तेव्हा होत्या. त्या भर मांडवात एवढंच बोलल्या, "तपासनिसाला कोण तपासणार?"

मी खाली मान घालून बसले होते. डोक्यावर पदर, त्यामुळे हसले ते कोणाला दिसलं नाही. पण नानांना कळलं असावं. कारण घरी आल्यावर पहिलं वाक्य ते मला म्हणाले, "सूनबाई, किल्ली तरी होती."

त्यावर मी काही बोलले नाही. नंतरही नाही. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नसे आणि मला तर ती रीत सोयीचीच होती. मी मुळात लाजाळू. मुक्ता झाल्यावर आम्हा दोघांची फार सोय झाली. ती सहा महिन्यांची असताना मी पाळण्याकडे बघून म्हणायची, "मुक्ता, नानांना विचार, भाकरी वाढू का?"

नाना पाळण्याकडे बघून म्हणायचे, "मुक्ता, आईला सांग, अर्धी."

मुक्ता झोपलेली असायची.

ती शिकायला आणि मग नोकरीला बाहेर गेली, तिचे बाबा दिवसभर कामावर, तेव्हा आमच्या मधे कोणी उरलं नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांची मांजर ओट्यावर येऊन बसली. नाना तिला म्हणाले, "मने, तिला सांग, चहात साखर दोनदा पडली." तेव्हापासून मनीला आमच्याकडे रोज दूध मिळायला लागलं.

असं असूनही आमचं बोलणं बरंच व्हायचं, पण लाडवांतून. नानांनी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून ठेवली होती, एक मोठं, एक लहान. फॅक्टरीत असंच माप असतं म्हणे. दिवाळीला मी लाडू वळले की ते पुठ्ठा घेऊन ताटासमोर बसायचे. मोठ्या भोकातून लाडू गेला पाहिजे, लहान भोकातून जाता कामा नये. तरच पास. नापास झालेला लाडू डब्यात जायचा नाही. "रिजेक्ट माल बाहेर जायला नको," असं म्हणून तो ते स्वतः खायचे. डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केलं होतं. पण हे गोड खाणं नव्हतं, ही कामाची गोष्ट होती.

पहिल्या वर्षी दोन लाडू नापास झाले. पुढच्या वर्षी मी मुद्दाम चार मोठे वळले. नानांनी चारही पुठ्ठ्यावर धरून बघितले, चष्मा वर केला आणि मुक्ताला म्हणाले, "आईला सांग, हात बिघडत चालला आहे. असाच राहू दे."

तर असे नाना. आणि मुक्ताने खेळात काढलेले नाना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, कोणी दुसरेच आहेत. पांढऱ्याशुभ्र मिशा, गोड हसू. दार उघडताच म्हणाले, "ये बाळा."

"हे कोण?" मी विचारलं.

"आई! नाना."

"आपले नाना कोणाला बाळा म्हणत नव्हते. हे कोणत्या तरी बिस्किटाच्या जाहिरातीतले आहेत."

मुक्ता तोंड पाडून बसली. मग तिने मिशा काढल्या, कारण नानांना मिशा नव्हत्याच. हसू काढलं. टॉवेल डाव्या खांद्यावर आला. "ये बाळा"च्या जागी मी सांगितलं ते आलं, "चपला सरळ ठेव." आणि मग ते एकदम नाना झाले. मी खुर्चीवर जरा सावरून बसले. पदराकडे हात गेला होता, ते मुक्ताने पाहिलं नाही.

खेळ अर्धा झाल्यावर तिने तो बेंगळुरूच्या मैत्रिणीला खेळायला पाठवला. तासाभराने तिचा फोन आला. मुक्ताने मोठ्या आवाजावर लावला.

"यार, तेरे दादाजी तो बाहर ही नहीं जाने दे रहे! रूमाल मिला तो बोले चाबी, चाबी मिली तो बोले पानी. पौन घंटा हो गया. ये बग है क्या?"

मुक्ता घाबरून मला म्हणाली, "आई, कुठेतरी गलती झाली आहे माझी. ठीक करावं लागेल."

"हात लावू नको," मी म्हटलं. "तसेच होते ते."

फोनवरची मुलगी म्हणाली, "आंटी, तो फिर मैं क्या करूँ?"

मला हिंदीत बोलायला धीर होत नाही, पण बोलले. "बेटा, बैठ जाओ स्टूल पे. जल्दी मत करो. जल्दी किया तो फिर से शुरू करते थे."

ती बसली आणि पास झाली. फोनवर ओरडलीच.

पण स्टूलपर्यंत सगळं झाल्यावर मुक्ताचं काम थांबलं. चार दिवस ती लॅपटॉप उघडायची, नुसती बघत बसायची, बंद करायची. शेवट काय करायचा ते तिला सुचत नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, शेवटी मुलगी पास होऊन निघते असं केलं तर ते खोटं होईल. मी कुठे पास झाले?"

ती कोणत्या दिवसाबद्दल बोलत होती ते मला कळलं. नाना असताना शेवटची आली होती तेव्हा, निघायच्या आदल्या संध्याकाळी ती नानांवर चिडली होती. बॅग भरताना नाना चार वेळा येऊन विचारून गेले आणि पाचव्यांदा ती म्हणाली, "नाना, मी काय फॅक्टरीतला नट आहे का? दर वेळी काय तपासता?" नाना तसेच बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली तेव्हा स्टूल दाराशी होतं, पण नाना बाजूला उभे होते. हात कुडत्याच्या खिशात. तिला बस म्हणाले नाहीत, रुमालही विचारला नाही. फक्त म्हणाले, "ये." तिला उशीर झाला होता, ती गेली. डुमन्याच्या विमानतळावरून तिचा फोन आला, लॅपटॉपचा चार्जर राहिला का बघ म्हणून. मी घर पालथं घातलं. सापडला नाही. नाना आतल्या खोलीतून मनीला सांगत होते, "तिला सांग, नीट शोध."

दोन महिन्यांनी नाना गेले. मुक्ता आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

"सगळ्यांना तपासायचे," मुक्ता म्हणाली. "मीटरवाल्याला पण. मलाच सोडलं. इतका गुस्सा होता माझ्यावर. आणि बघ, त्याच दिवशी माझा चार्जर राहिला. त्यांना माहीत असेल, आणि जाऊ दिलं असेल, की जा, शिक. आता मी त्यांना खेळात बसवून स्वतःला पास म्हणवून घेऊ?"

मी तांदळात बोटं फिरवत राहिले. मला जे माहीत होतं ते कोणाला सांगू नको असं नानांनी मला म्हटलं होतं. आणि नानांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. म्हणजे त्यांच्याशी सगळ्या आयुष्यात एकदाच बोलले होते, तर मोडणार कुठे.

ती उठून गेली. मी ती वही काढली. तिने प्रश्न लिहिलेली पानं संपली होती. शेवटच्या कोऱ्या पानावर मी वर स्वतःच लिहिलं, 'नानांना कोणी तपासलं, तर.' आणि खाली जे घडलं ते लिहिलं. ते असं.

नानांना दम लागायला लागला तेव्हा दवाखान्यात न्यायचं ठरलं. रिक्षा दाराशी आली. मुक्ताचे बाबा कागद घेऊन पुढे बसले. नाना काठी टेकत दारापर्यंत आले आणि स्टूलापाशी थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गावाला जाणाऱ्या सगळ्यांना ते तपासायचे, आता तेच निघाले होते आणि समोर कोणी नव्हतं. मनीही नव्हती. मग माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"बसा, नाना."

ते बसले. लहान मुलासारखे, गुडघ्यांवर हात ठेवून.

"चष्मा?"

"आहे."

"दात?"

त्यांनी तोंड उघडून दाखवले.

"रुमाल?"

"आहे."

"दाखवा," मी म्हटलं.

तेव्हा ते जरा गडबडले. खिशात हात घातला आणि काढेचनात. मी हात पुढे केला, तसाच धरून ठेवला. त्यांनी रुमाल काढला, आणि रुमालात गुंडाळलेला चार्जर निघाला. वायर नीट घडी घालून वर रबर लावलेलं.

"हा मुक्ताचा ना?"

नाना आपल्या पायांकडे बघत होते. "आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. म्हटलं, कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात येईल, परत येईल. पाच मिनिटं अजून दिसेल. नाही आली."

"मग त्या दिवशी तपासलं काहून नाही तिला?"

त्यांनी मान वर केली. त्यांना माझा प्रश्नच लागला होता. "तपासलं असतं तर चार्जर नाही, हे सांगावं लागलं असतं. खोटा पास कसा देऊ? म्हणून तपासलंच नाही." मग हळूच म्हणाले, "कोणाला सांगू नको. सगळ्या नोकरीत असं काम केलं नाही."

"आणि आता दवाखान्यात कशाला नेऊन राहिले?"

"ती तिकडे आली तर तिला लागेल ना."

मी चार्जर परत रुमालात गुंडाळून त्यांच्या खिशात ठेवला. खांद्याला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून स्टूलाच्या कडेवर दोन बोटं टकटक मारली आणि म्हटलं, "पास."

रिक्षात बसल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढलं. "सूनबाई, आतला पंखा बंद केला का?" मी धावत आत गेले. पंखा बंदच होता. परत बाहेर आले तर रिक्षा कोपऱ्यावरून वळली होती. नानांना पंखा बंद आहे हे माहीत होतं, असं मला आजही वाटतं.

एवढं लिहून मी वही मुक्ताच्या लॅपटॉपवर ठेवली, आणि डाळीच्या डब्यामागे ठेवलेला चार्जर काढून वहीवर ठेवला. दवाखान्यातून कपड्यांच्या पिशवीत परत आला होता तो. मग मी भाजी आणायला निघून गेले. समोर बसून वाचलेलं मला सहन झालं नसतं.

परत आले तेव्हा मुक्ता दाराशी स्टूलावर बसली होती. डोळे सुजलेले आणि हसत होती. मांडीवर चार्जर.

"आई, नानांनी चोरी केली!"

"चोरी नाही म्हणायचं."

"आणि हा आता कशालाच लागत नाही. माझा लॅपटॉप नवीन आहे."

"असू दे. तपासलेला माल आहे," मी म्हटलं.

तीन दिवसांत खेळाचा शेवट झाला. तिने मलाच पहिल्यांदा खेळायला बसवलं. माउस कसा धरायचा ते दाखवलं. मी नानांच्या घरात गेले, चपला सरळ ठेवल्या, पंखा बंद केला, अर्धी म्हणून दीड भाकरी खाल्ली. मग बॅग घेऊन दाराशी आले. नाना बाजूला उभे होते. हात खिशात. "ये," म्हणाले. मी टॅक्सीत बसून कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे खाली अक्षरं आली, 'चार्जर राहिला.' आणि दोन चौकोन, 'पुढे जा' आणि 'परत फिर'.

मी परत फिरले. नाना दारातच होते. खिशातून चार्जर काढला, चेहरा अगदी गंभीर. "विसरलीस ना? बस. आता सगळं पहिल्यापासून तपासू."

"मग हा संपतो कुठे?" मी मुक्ताला विचारलं.

"ज्याला जायचं आहे त्याने पुढे जायचं. परत फिरलीस तर नाना सोडत नाहीत. पुन्हा चार्जर काढून घेतात."

मुक्ता बेंगळुरूला गेली त्याला आता पंधरा दिवस झाले. जाताना मला एक वापरलेला लॅपटॉप विकत घेऊन देऊन गेली. निघताना स्टूलावर बसली आणि मी तिला तपासलं. रुमाल नव्हता. तिला आत पाठवलं.

दुपारी भांडी आवरली की मी लॅपटॉप उघडते. कोपऱ्यापर्यंत जाते. 'पुढे जा'च्या चौकोनावर अजून एकदाही बोट गेलेलं नाही. परत येते, स्टूलावर बसते, नाना समोर उभे राहतात आणि डोक्यापासून खाली यायला लागतात. खेळात उत्तर बोलावं लागत नाही, नुसतं दाबायचं असतं. घरात मी एकटीच असते, मनी ओट्यावर झोपलेली.

"चष्मा?" नाना विचारतात.

"आहे, नाना," मी मोठ्याने सांगते.